जपलेली गाडी म्हणजे नेमकी कशी?

जुन्या गाडीच्या जाहिरातीत एक शब्द हमखास असतो: 'जपलेली'. परवा एका मित्राने अशीच जाहिरात पाठवली. मर्सिडीज २८० एसएल, १९७० ची, छप्पर उघडणारी, रंग चकचकीत आणि वर 'फारच कमी चाललेली'. आम्ही नगरची माणसं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं!) तशी गाड्यांच्या शेजारातली. गावात रणगाड्यांचं संग्रहालय, जवळच व्हीआरडीईत लष्करी वाहनांच्या चाचण्या. तेव्हा असल्या जाहिरातीवर मत देणं हा आमचा हक्कच.

माझं मत विचाराल तर 'फारच कमी चाललेली' हे वाचून मी आधी सावध होतो.

गाडी सुरेखच आहे, वाद नाही. या मालिकेतली पहिली, २३० एसएल, १९६३ साली जिनिव्हात लोकांसमोर आली. काढता येणारा पत्र्याचा टप मध्ये खोलगट, म्हणून लाडाचं नाव 'पॅगोडा'. १९७१ पर्यंत एकूण ४८,९१२ गाड्या बनल्या. नुसती मिरवायची वस्तूही नव्हे. धडक बसली तर पुढचा-मागचा भाग चेपावा आणि माणसं बसतात तो सांगाडा शाबूत राहावा, हा बेला बारेनी या इंजिनियरचा विचार तिच्यात उतरला होता.

पण यंत्र नुसतं उभं ठेवून टिकत नाही. या गाडीला कार्ब्युरेटर नाही, बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. वर्षानुवर्षं तेच पेट्रोल आत राहिलं की त्याचा चिकट थर बसतो, सीलं सुकतात. त्यात आपल्याकडचं ऊन. कापडी छप्पर आणि दारांच्या रबरी पट्ट्या कडक होऊन भेगाळतात. रंग मात्र छान दिसतो, कारण फोटोत तोच दिसतो.

आता त्यात इथेनॉल आलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं. आपल्या जिल्ह्याने याबद्दल कुरकुर करणं जरा अवघडच! प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हापासून ऊस हा इथला मोठा आधार. त्याच उसातून इथेनॉल निघतं. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळत असतील तर माझी अजिबात हरकत नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकी गंजवतं, जुनं रबर मऊ करतं. १९७० सालच्या नळ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या.

मग 'सगळं मूळचं' या हट्टापायी त्याच नळ्या ठेवणारा मालक गाडी जपतो की मारतो? माझ्या मते मारतो. नळ्या बदलाव्यात, टाकी धुवावी, काय बदललं ते वहीत लिहावं. त्याने गाडीचं मूळपण जात नाही.

२०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. ती रोज वापरता येत नाही, पण रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं यासाठी रस्त्यावर काढता येते. एवढी मोकळीक मला पुरेशी वाटते. अडचण नियमांची नाही, न वापरण्याच्या सवयीची आहे.

आमच्या संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली चिलखती गाडी आहे. मूळची ऐषारामी गाडी, युद्धात गेली, आता लोकांना दिसते. तिथं उभं राहणं हेच तिचं काम. कुणाच्या तरी गॅरेजात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीला तेवढंही काम नसतं.

म्हणून घेणाऱ्याने रंगाआधी दुरुस्तीची वही मागावी, आणि ती गाडी कुठल्या मिस्त्रीच्या हातची आहे ते विचारावं. तो मिस्त्री आणखी किती वर्षं काम करणार, हेही विचारावं. विकणाऱ्यानेही चार पैसे कमी आले तरी चावी फिरवणाऱ्यालाच ती द्यावी. नाहीतर ती गाडी उरत नाही, पत्र्याची मुदत ठेव होते.