घरांतील विज्ञान : बळ किती आणि कशासाठीं?

गेल्या महिन्यांत आमच्या नातवाच्या विजेच्या लहान ट्रकाची मोटर जळाली. दोष त्याचा नव्हे, माझा. मुंजींत आलेल्या पैशांतून त्यानें हा रेडिओच्या साहाय्यानें हांकण्याचा ट्रक घेतला होता. पुढें तो म्हणाला, “आजोबा, याहून जोरदार बॅटरी मिळते, घेऊं का?” मोठा आकडा म्हणजे उत्तम वस्तु, अशा समजुतीनें मीं रुकार दिला. दोन घटांच्या जागीं तीन घटांची बॅटरी आली. ट्रक अंगणांत वाऱ्यासारखा धांवला, गवतांत अडकला, आणि धूर निघाला. मुलगा रडला नाहीं. नुसता माझ्याकडे पाहूं लागला. जन्मभर मुलांना ‘आधीं प्रश्न नीट वाच’ असें सांगणाऱ्या मास्तरानें प्रश्न न वाचतांच उत्तर लिहिलें होतें!

त्यानंतर या विषयाचा जो थोडा अभ्यास केला, तो वाचकांपुढें ठेवितों. हीं खेळणीं आतां पुष्कळ घरांत आलीं आहेत, आणि तीं विकत घेण्याचा निर्णय बहुधा वडील मंडळीच करितात.

पहिला प्रश्न हा, कीं ट्रकानें करावयाचें काय? सपाट जागेवर वेगानें धांवावयाचें, कीं दगडधोंड्यांवरून सावकाश चढावयाचें? याचें उत्तर ठरल्यावांचून मोटर निवडूं नये. साध्या मोटरींत कार्बनचे ब्रश असतात. एकास दहा या प्रमाणाच्या ट्रकांत बहुधा ‘५४०’ या मापाची, सुमारें ३६ मिलिमीटर व्यासाची मोटर बसते. तिच्या गाभ्यावरील तांब्याच्या तारेचे वेढे तिचा स्वभाव सांगतात. वेढे थोडे, तर फेरे अधिक आणि विजेची भूकहि अधिक. वेढे पुष्कळ, तर गति मंद, परंतु थोड्या प्रवाहांत नेट चांगला. २७ वेढ्यांची मोटर सर्वसाधारण कामाची. खडक चढणाऱ्या ट्रकाला ३५ ते ५५ वेढ्यांची शोभते. ब्रश नसलेल्या मोटरीवर ‘केव्ही’ हा अंक असतो. तो किलोव्होल्ट नव्हे. भार नसतांना एका व्होल्टमागें मिनिटाला किती फेरे होतील, हें तो सांगतो. ३५०० अंकाची मोटर ७.४ व्होल्टवर सुमारें २५,९०० फेरे घेईल.

बॅटरीवर तीन अंक वाचावे. पाण्याच्या टांकीची उपमा घेतली, तर व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, मिलिअँपिअर-तास म्हणजे सांठा, आणि ‘सी’ हा अंक नळ किती मोठा तें सांगतो. निकेल-मेटल हायड्राइडचा एक घट १.२ व्होल्टचा, सहा घट मिळून ७.२ होतात. लिथियम-पॉलिमरचा घट ३.७ व्होल्टचा, दोहोंचे ७.४, तिहींचे ११.१. ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सरासरी १० अँपिअर प्रवाह घेतल्यास १८ मिनिटें पुरते. तिच्यावर ‘२० सी’ असल्यास ती ६० अँपिअरपर्यंत प्रवाह देईल, असें निर्माता म्हणतो. जपानच्या तामिया कंपनीनें १९८७ सालीं काढलेल्या ‘क्लॉड बस्टर’ या थोराड चाकांच्या ट्रकांत दोन मोटरी आहेत. अशा ट्रकाला सांठाहि तितकाच अधिक लागतो.

आतां आमची मोटर कां जळाली, तें पाहा. ७.४ च्या जागीं ११.१ म्हणजे दाब दीडपट. चाकें अडून मोटर थबकली, कीं प्रवाह दीडपट. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे सव्वादोनपट! यासाठीं बॅटरी, मोटर आणि दोहोंमधील वेगनियंत्रक या तिघांचें एकमत असलें पाहिजे. नियंत्रक किती घटांपर्यंत व किती वेढ्यांच्या मोटरीपर्यंत चालेल, हें त्याच्या सोबतच्या कागदावर दिलेलें असतें. ती मर्यादा ओलांडूं नये. मोठीं चाकें बसविल्यास मोटरीच्या टोंकावरील दांतेरी चाक एक-दोन दांत्यांनीं लहान घ्यावें. मोटर कमी तापते.

याच प्रकरणांत दुसरी गोष्ट उघडकीस आली. तीच बॅटरी फुगलेल्या स्थितींत सूनबाईंना गोधड्यांच्या कपाटांत सांपडली. मोटर गेली, तर पैसे जातात. परंतु फुगलेली लिथियम बॅटरी घराला आग लावूं शकते. ती टोंचूं नये, पुन्हां भरूं नये, केरांत टाकूं नये. विद्युत्-कचरा घेणाऱ्या केंद्रांत द्यावी. चांगली बॅटरीहि घटांचा समतोल राखणाऱ्या चार्जरवरच, फरशीवर ठेवून, कोणी जागें व जवळ असतांना भरावी. ३००० च्या बॅटरीस ३ अँपिअर प्रवाह पुरे. घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर व ३ च्या खालीं जाऊं देऊं नये. ठेवून द्यावयाची असल्यास ३.८ च्या सुमारास ठेवावी. लहान मुलाच्या पहिल्या ट्रकाला निकेलची बॅटरीच बरी. ती जड असते, पण इतकी नाजूक नसते.

आमच्या ट्रकांत आतां २७ वेढ्यांची मोटर आणि निकेलचे सहा घट आहेत. नवी मोटर बसवितांना नातवानें विचारलें, “आजोबा, या वेळीं तुम्हीं कागद वाचला ना?” मीं चष्मा लावून तो त्याला पहिल्या ओळीपासून मोठ्यानें वाचून दाखविला.