ट्रॅक्टरला अनुदान, आणि मिस्त्रीच्या बोटांचं काय?

मे महिना लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या ट्रॅक्टर मिस्त्रींना जेवायला फुरसत नसते. पुढे रोवणी असते, त्याआधी बांधीत चिखलणी. केजव्हील लावून दिवसदिवस इंजिन ताणायचं असतं. ज्याचं इंजिन मागच्या हंगामात धूर मारत होतं, ऑइल पीत होतं, तो शेतकरी ते मे महिन्यातच उघडायला टाकतो. लाखनी, साकोली, तुमसर, पवनी, लाखांदूर, कुठल्याही रस्त्यानं जा. टिनाच्या शेडखाली ट्रॅक्टर मधातून फोडलेला दिसेल. मागची चाकं इकडे, पुढचा भाग तिकडे आणि मधे तिपाईला चेन पुलीवर लटकलेलं इंजिन.

अशाच एका शेडमध्ये दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची दोन बोटं गेली. उजव्या हाताची, पहिल्या पेरापर्यंत. आठवड्याभरात तो परत कामावर होता, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही.

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो. डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो. पोराला भेटायला गेलो आणि मास्तरकीच्या जुन्या सवयीनं पहिलं वाक्य तोंडातून निघालं, "काळजी घ्यायची ना रे." तो हसला. म्हणाला, "सर, काळजीच घेऊन रायलो होतो. हात नसता लावला तं इंजिन पोराच्या अंगावर गेलं असतं."

त्या उत्तरावर मी खूप दिवस विचार केला. हा सगळा लेखप्रपंच त्यातूनच आला आहे.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. कारमध्ये इंजिन काढलं तरी गाडी गाडीच राहते. बहुतेक शेतीच्या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडलेले, तोच त्याचा कणा. त्यामुळे इंजिनचं मोठं काम म्हणजे ट्रॅक्टरचे दोन तुकडे. निघालेलं इंजिन अडीच-तीनशे किलोच्या घरात. ते घोडीवर चढवलं की गोल फिरवून खालून-वरून काम करता येतं, क्रँक काढता येतो, स्लीव्ह बसवता येतात. घोडी म्हणजे इंजिन स्टँड. चाकांचं बुड, एक उभा खांब आणि खांबाच्या टोकाला चार बोटांची चकती. आम्ही तिला पंजा म्हणायचो.

एकदा इंजिन घोडीवर बसलं की सहसा काही होत नाही. धोका असतो ते साखळीवरून घोडीवर जाताना, त्या दहा मिनिटांत. इंजिन छातीच्या उंचीवर लटकलेलं. घोडी ढकलत त्याच्यापाशी न्यायची, तर तिपाईचे पाय आणि घोडीचे पाय एकमेकांत अडकतात. घोडीची चाकं लहान, शेडची फरशी फुटकी. एक जण इंजिन धरतो, एक घोडी ढकलतो, तिसरा पंजा आणि ब्लॉकच्या मधात हात घालून बोल्टाची भोकं जुळवतो. तीन बोल्ट लागतात, चौथा कधीच जुळत नाही. मग टॉमी घालून इंजिन जरासं हलवायचं. ते जरासं हलवणं म्हणजे तीनशे किलोचा झोका. शिवाय इंजिन मागच्या तोंडानं पंजाला धरलेलं, सगळं वजन फूट-दीड फूट पुढे अधांतरी. तीन चाकांची घोडी असली आणि पुढचं एकटं चाक फरशीच्या भेगेत गेलं, की ती पुढे लवंडायलाच बघते. बाजारातली स्वस्त घोडी कारच्या इंजिनासाठी केलेली असते, तिच्यावर आम्ही ट्रॅक्टरचं इंजिन चढवतो.

आता सांगा, यात काळजी कुठे घ्यायची? हात मधात घातल्याशिवाय बोल्ट लागतच नसेल तर माणसाला दोष देऊन काय उपयोग? मी वर्गात वर्षानुवर्षं "इंजिन स्टँडवर चढवून घ्या" एवढं एक वाक्य बोलून पुढच्या धड्याकडे गेलो आहे. कसं चढवायचं, हे मी कधीच शिकवलं नाही. आमच्याकडे चढवलेलंच इंजिन असायचं.

तर मग आम्ही दोघांनी मिळून त्याचीच घोडी बदलायला घेतली. मी कागदावर, तो वेल्डिंगवर.

पहिला बदल अगदी साधा. पंजाची नळी खांबातल्या बुशमधून पूर्ण बाहेर निघते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण तसं वापरत कोणी नाही. आता इंजिन आधी लाकडी ठोकळ्यांवर जमिनीवर टेकवायचं. तिथंच पंजा सुटा लावून चारही बोल्ट निवांत आवळायचे, बसून, उजेडात. मग पंजासकट इंजिन उचलायचं आणि फक्त नळी बुशमध्ये सरकवायची. चार भोकं जुळवण्याऐवजी एकच भोक. नळी आम्ही चार इंच लांब केली आणि तिचं टोक निमुळतं केलं, म्हणजे ती स्वतःच वाट शोधते. मागून आरपार पिन. पिन लागेपर्यंत साखळी ढिली करायची नाही.

दुसरा बदल खांबाचा. एका चौकोनी पाइपात दुसरा पाइप, खाली बॉटल जॅक. इंजिन साखळीवर स्थिर राहतं आणि घोडीचं तोंड जॅकनं वर-खाली करून नळीसमोर आणतात. उंची जुळली की आडवी पिन, म्हणजे जॅक गळला तरी खांब बसत नाही. सगळ्या कामाचं मर्म इथं आहे असं मला वाटतं. लटकलेलं वजन हलवायचंच नाही, घोडीला हलवायचं.

तिसरं बुड. पुढचं एकटं चाक काढून दोन लांब पाय, मोठी चाकं, आणि चार कोपऱ्यांना आट्यांचे टेकू. इंजिन चढवताना टेकू खाली घेतले की चाकं अधांतरी, घोडी जागची हलत नाही. पाय इतक्या अंतरावर घेतले की ते तिपाईच्या पायांत अडकू नयेत. (हे माप प्रत्येकाच्या तिपाईप्रमाणे वेगळं येईल, माझं माप डोळे मिटून घेऊ नका.)

पहिल्या खेपेला फसलो. वजनाची परीक्षा घ्यायची म्हणून लोखंडी पाळणा करून पंजापासून दीड फुटावर टांगला आणि त्यात धानाचे कट्टे ठेवत गेलो. खरेदी केंद्रावरचा ४० किलोचा कट्टा, तसे बारा, म्हणजे ४८० किलो. रात्रभर ठेवलं. सकाळी खांब आणि बुडाच्या जोडाला बारीक चीर. इंजिन असतं तर? जोड घासून पुन्हा भरला, दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्ट्या लावल्या, पुन्हा बारा कट्टे, पुन्हा एक रात्र. तेव्हा कुठे ठीक वाटलं. म्हणून हात जोडून सांगतो, घोडी बदला पण परीक्षा घेतल्याशिवाय इंजिन चढवू नका. कच्चं वेल्डिंग जुन्या घोडीपेक्षा वाईट.

खर्च जॅक धरून सहा हजारांच्या आत आला. चॅनल आणि पाइप भंगारातले.

गंमत म्हणजे मिस्त्रीला ही घोडी आवडली ती सुरक्षित आहे म्हणून नाही. आधी इंजिन चढवायला तीन माणसं लागायची, शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारावी लागायची. आता तो आणि पोरगा, दोघांत काम होतं. "सर, थे बोटाचं सोडा, पन मानूस वाचते ना एक," असं तोच मला म्हणाला. सुरक्षेची पोस्टरं लावून जे होत नाही ते काम सोपं केल्यानं होतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

इथपर्यंत एका शेडची गोष्ट झाली. आता सरकारकडे वळतो.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून ट्रॅक्टरला लाख-सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं, मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे. पण ट्रॅक्टर वाढले की त्यांना उघडणारे हातही लागतात, आणि त्या हातांचा हिशोब कुठल्याच फायलीत नाही. कारखाना कायदा १९४८ चा. त्याच्या व्याख्येत दुरुस्ती हीसुद्धा उत्पादन प्रक्रियाच आहे. कलम २९ सांगतं की वजन उचलणाऱ्या यंत्रावर, साखळीवर किती वजन सुरक्षित ते लिहिलेलं हवं आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी हवी. किती छान! पण कायदा लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या कामात किमान दहा कामगार लागायचे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते वीस झाले. दोन-तीन माणसांचं गॅरेज तेव्हाही बाहेर, आताही बाहेर.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अवजारांसाठी १५ हजार रुपये, अठरा कारागिरी. लोहार आहे, सुतार आहे, कुलूप बनवणारा आहे, न्हावी, शिंपी, कुंभार आहेत. ट्रॅक्टर मिस्त्री नाही. परंपरागत कारागिरांची योजना आहे, हे मान्य. पण बापाच्या हाताखाली पाना धरून शिकलेला मिस्त्री आज तिसऱ्या पिढीला शिकवतो आहे, अजून किती परंपरा हवी?

याच महामार्गावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना चाळीस वर्षांहून जास्त काळ उभा आहे, तिथं गिअरबॉक्स तयार होतात. मोठ्या कारखान्यात जड वस्तू माणूस मिठी मारून उचलत नाही, होइस्ट उचलतो. तिथून थोड्या अंतरावरच्या शेडमध्ये तेवढ्याच जड लोखंडाला माणूस छाती लावून थांबवतो. आणि आम्ही सुरक्षेवर बोलतो ते फक्त मोठं काही झालं की. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला, हळहळायलाच हवं होतं. बोटं एकेक करून जातात, त्यांची बातमी होत नाही.

मला कुठला नवा कायदा नको. तपासणी करणारा साहेब शेडमध्ये येऊन पावती फाडून जाईल, याचीही भीती वाटते. माझं म्हणणं एवढंच आहे. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडची पोरं वर्षभर पट्ट्यांचे तुकडे जोडतात आणि ते तुकडे शेवटी भंगारात जातात. त्यांना शेवटच्या महिन्यांत अशा घोड्या करायला द्या. डिझेल आणि ट्रॅक्टर ट्रेडच्या पोरांनी त्यावर इंजिन चढवून दाखवावं, निदेशकांनी वजन टांगून परीक्षा घ्यावी, खांबावर किती किलो ते रंगवावं आणि मालाच्या खर्चात जिल्ह्यातल्या गॅरेजला द्यावी. जिल्हा वार्षिक योजनेतून लोखंडापुरते पैसे निघाले तरी पुरे. एका तालुक्यात करून पाहा. जिल्हा नियोजन समितीवर असलेले दोन-तीन जण माझ्या यादीत आहेत, त्यांनी हे वाचलं असेल तर फोन करावा, मी मोकळाच आहे.

आणि मिस्त्री मंडळी, नवी घोडी होईल तेव्हा होईल. उद्या सकाळपासून एवढं करा: पंजा इंजिनला लटकलेलं असताना लावू नका, जमिनीवर टेकवून लावा. त्याला एक रुपया लागत नाही. आमच्या घोडीचं मापासकट चित्र काढून ठेवलं आहे, ज्याला हवं त्यानं मागा. खांबावर त्या पोरानं पिवळ्या रंगात ३०० किलो असं लिहिलं आहे. मी ४०० म्हणत होतो, त्यानं ऐकलं नाही.