पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेलं विमान आणि आपला फुकटचा अभिमान

गेल्या रविवारी एक जुनं काम संपवलं. १९९९ साली पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा करताना मेसचे पैसे वाचवून एक किट घेतला होता. टायगर मॉथ, दुपंखी विमान, बहात्तर पटीने लहान. खालचा पंख आणि शेपटी चिकटवली आणि डबा जो बंद झाला तो झालाच. नोकरी, लग्न, निवडणुका, पूर, पुन्हा निवडणुका. दर दिवाळीच्या साफसफाईत घरून एकच प्रश्न यायचा, "ठेवू का टाकू?"

या सुट्टीत सांगलीहून भाची आली. आठवीत आहे. डबा तिनेच माळ्यावरून काढला. ट्यूबमधलं गोंद दगड झालेलं, पंखांवर लावायची चित्रं पिवळी पडलेली. पाण्यात टाकली तर तुकडे तुकडे झाली. म्हणून खुणा ब्रशने रंगवल्या, थोड्या वाकड्याच.

तर विमान झालं. टोकापासून टोकापर्यंत जेमतेम साडेबारा सेंटीमीटर. पण ही पोस्ट त्या विमानाची नाही, ते करताना जे दिसलं त्याची आहे.

भाचीला विज्ञानात शंभरपैकी छप्पन्न नाही, शहाण्णव आहेत. घर्षणाची व्याख्या झोपेतून उठवली तरी सांगेल. पण पॉलिश पेपर कसा धरायचा हे तिला माहीत नव्हतं. प्लास्टिकचा भाग सांगाड्यातून पिरगाळून काढला की तुटतो, ब्लेडने कापावा लागतो, हेही एक खांब तुटल्यावर कळलं. चूक तिची नाही. तिच्या हातात कुणी कधी काही दिलंच नाही.

तिने विचारलं, "मामा, याला दोन पंख कशाला?"

मग बसलो समजावत. सुरुवातीच्या विमानांची इंजिनं अशक्त. कमी वेगात वर राहायचं तर पंख मोठा हवा. पंख लाकूड आणि कापडाचा, एकच लांब केला तर वाकणार. म्हणून दोन आखूड पंख एकावर एक, मध्ये खांब आणि तिरक्या ताणलेल्या तारा. रेल्वेच्या लोखंडी पुलाला तिरक्या पट्ट्या असतात ना, तेच तत्त्व. तारांसाठी उरलेला प्लास्टिकचा सांगाडा मेणबत्तीवर धरून ताणला, केसाएवढा बारीक धागा निघतो. तिने सात वेळा जाळला, आठव्यांदा जमला. त्या वेळी तिचा चेहरा बघायला हवा होता. शहाण्णव मार्कांचा पेपर दाखवताना तो तसा नव्हता.

विचारलं, शाळेत कार्यानुभवाचा तास नाही का? म्हणाली, वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणित घेतात.

हे एका शाळेचं नाही मंडळी. मी बातमीसाठी शाळा फिरतो. एका शाळेत अटल टिंकरिंग लॅब पाहिली. केंद्राची योजना आहे, सहावी ते बारावीच्या पोरांनी हाताने काहीतरी बनवावं म्हणून. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. दाराला कुलूप होतं. थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर तसंच. शिपाईमामा म्हणाले, "साहेब आले की उघडतो." म्हणजे लॅब साहेबांसाठी, पोरांसाठी नाही.

आता खरा मुद्दा. रविवारी रात्री विमानाचा फोटो एका ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत फॉरवर्ड आला. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ ला, शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं, इंग्रजांनी ते दाबलं, प्रत्येक मराठी माणसाने शेअर करा. खाली अंगठेच अंगठे. आमच्या विमानाला तीन लाइक, त्यातला एक माझाच.

तळपदे खरे होते, हौशी होते, धडपडले असतील. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ते विमान उडाल्याचा समकालीन ठोस पुरावा आजवर समोर आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच तपासलं. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. तरीही २०१५ ला मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालंच.

राइट बंधू कोण होते? सायकली बनवणारे, दुरुस्त करणारे. १९०१ साली त्यांनी हवेचा झोत सोडणारी एक पेटी बनवली आणि तिच्यात दोनशेच्या आसपास पंखांचे आकार तपासले. मग १७ डिसेंबर १९०३. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. तेही दुपंखी विमानाने.

आणि सायकलचं दुकान आपल्याकडेही होतं की! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचंच दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. गडी मागे हटला नाही. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. साताऱ्याहून सांगलीला रेल्वेने जाताना ती लागते. हा आपला खरा अभिमान, पण त्याचा फॉरवर्ड येत नाही. कारण त्यात घाम आहे, चमत्कार नाही.

अलीकडचं उदाहरण घ्या. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ ला 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते मांडलं, सगळ्यांनी फोटो काढले. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं, उड्डाण चाचणीची परवानगी मिळायला २०१९. न उडालेल्या विमानाचा जयजयकार आणि बांधलेल्या विमानाला हेलपाटे, ही आपली तऱ्हा!

काही पालक म्हणतील, "साहेब, खेळणी चिकटवून नीटचे मार्क वाढतात का?" नाही वाढत. सगळ्या पोरांना विमानं करायला लावा असंही म्हणत नाही. सुतारकाम करा, रेडिओ उघडा, शिलाई मशीन दुरुस्त करा. पण चुकणं, तुटणं, पुन्हा करणं हे ज्या पोराने कधी केलंच नाही, ते उद्या इंजिनिअर होऊनही दुसऱ्याने केलेलं फक्त वापरणार. आणि पुरावा मागायची सवय हाताला काम असलेल्या माणसालाच लागते. खांब वाकडा बसला तर वरचा पंख बसतच नाही, तिथे फॉरवर्ड चालत नाही.

आपण कराडच्या धावपट्टीवरून, कवलापूरच्या विमानतळावरून भांडतो. जरूर भांडा, मीही त्यावर लिहिलंय. पण विमान उतरायला जागा मागणाऱ्या दोन जिल्ह्यांत विमान कसं उडतं हे हाताने शिकायला जागा किती, हेही कुणीतरी विचारा.

म्हणून एवढंच करा. पुढच्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा. कार्यानुभवाच्या तासाला नक्की काय चालतं? लॅब असेल तर चावी कुणाकडे आणि आठवड्यातून किती वेळा उघडते? या वर्षी पोरांनी स्वतःच्या हाताने बनवलेली एक वस्तू दाखवाल का? उत्तरं शाळेचं नाव न घेता कमेंटमध्ये टाका. त्याची बातमी मी करतो.

आणि माळ्यावर तुमचंही काही अर्धवट पडलं असेल तर खाली काढा. पोराला शेजारी बसवा. मोडलं तर मोडू द्या.

भाची परवा सांगलीला गेली. विमान घेऊन गेली. चपलांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. खिडकीची जागा मिळाली, तर खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणे पोरीने.