आटलेल्या तेलविहिरी आणि राहिलेला खर्च

तेलविहिरीचे नाव निघाले की ती परमुलखातील बाब आहे असे पिंपळगाव राजाच्या वाचकास वाटावे, हे स्वाभाविक आहे. तथापि विदर्भातील शेतांत पडणाऱ्या युरियापैकी काही अलिबागजवळच्या थळ येथील कारखान्यातून येतो, आणि तो कारखाना १९८०च्या दशकात उभा राहिला तोच मुळी ‘बॉम्बे हाय’च्या वायूवर. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये हे क्षेत्र शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८५च्या सुमारास तेथून दररोज चार लाख पिंपांहून अधिक तेल निघत होते. आज त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी निघते. उत्पन्न देणाऱ्या विहिरींची चर्चा पन्नास वर्षे झाली. आटलेल्या विहिरींची चर्चा अद्याप व्हावयाची आहे.

तेल संपले म्हणजे विहिरीचे काम संपले असे नव्हे. खडकात उरलेला वायू वाट शोधीतच असतो. पोलादी नळी आणि भोवतालचा खडक यांमधील फट सिमेंटने भरलेली असते. ते सिमेंट कालांतराने आकसते, त्यास भेगा पडतात, नळी गंजते आणि मिथेन वर येऊ लागतो. म्हणूनच विहीर सोडताना तिच्यात निरनिराळ्या खोलीवर सिमेंटची बुचे बसवावी लागतात. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षेच टिकतो. परंतु वीस वर्षांच्या मुदतीत उष्णता कोंडण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट भरते. खोल समुद्रात यातील बराचसा वायू पाण्यातच विरून जातो. बॉम्बे हायच्या उथळ पाण्यात तेवढा भरवसा धरता येत नाही.

येथे खरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. विहीर बुजविण्याचा खर्च नेमका उत्पन्न थांबल्यावर येतो, आणि त्या खर्चातून मालकास एक पैसाही मिळत नाही. कारकुनाच्या भविष्य निर्वाह निधीची कपात त्याच्या चालू पगारातून होते, निवृत्तीनंतर नव्हे. यामागे जे शहाणपण आहे तेच विहिरीस लागू पडते. अमेरिकेत ते वेळीच सुचले नाही. कंपन्यांकडून घेतलेल्या ठेवी तुटपुंज्या होत्या, अनेक कंपन्या बुडाल्या आणि विहिरी बेवारस झाल्या. अखेर २०२१ मध्ये तेथील संसदेने अशा विहिरींसाठी ४.७ अब्ज डॉलर करदात्यांच्या खिशातून मंजूर केले.

भारतात अशी तरतूद अगदीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आयकर कायद्यातील ३३एबीए या कलमाने, क्षेत्र पूर्ववत करण्याच्या निधीत रक्कम ठेवणाऱ्या कंपनीस नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत वजावट दिली. परंतु वजावट हे आमिष आहे, बंधन नव्हे. बॉम्बे हाय सरकारी कंपनीचे असल्याने मालक पळून जाण्याची भीती नाही; तेथे प्रश्न एवढाच, की बिल कोणत्या पिढीने फेडावयाचे. लहान क्षेत्रांची गोष्ट वेगळी. २०१५च्या धोरणानुसार शोध लागलेली लहान क्षेत्रे लिलावाने देण्यात येऊ लागली. लहान कंपनी, लहान भांडवल आणि अल्पायुषी विहीर हा संयोग अमेरिकेत कोठवर गेला, हे वर आलेच आहे. तेथे ठेव आधी आणि उत्पादन नंतर, हाच क्रम असावयास हवा.

२०२१ मध्ये मिथेन ३० टक्क्यांनी घटविण्याचा जागतिक संकल्प झाला, त्यावर भारताने स्वाक्षरी केली नाही. आपला मिथेन मुख्यतः गुरांच्या पोटातून आणि भातखाचरांतून येतो व त्यावर लहान शेतकऱ्याचे पोट आहे, हे सरकारचे कारण योग्यच होते. खामगाव तालुक्यातील शेतकऱ्याने दावणीच्या बैलाचा हिशेब जगास द्यावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु बैलाआड तेलविहिरीस लपता येत नाही. सोडलेल्या विहिरीवर कोणाचाही चरितार्थ चालत नाही आणि तिचा मालक ठाऊक असतो. देशातील एकूण मिथेनमध्ये तिचा वाटा लहान असेल. पण थांबविण्यास सर्वांत निरपवाद असा वाटा तोच.

मुले पडू लागली तेव्हा, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सोडलेल्या कूपनलिका तळापासून जमिनीपर्यंत भराव्यात आणि किती चालू, किती सोडलेल्या, किती भरलेल्या याची नोंद गावपातळीपर्यंत ठेवावी, असा आदेश दिला. कूपनलिकेस लागू असलेला हा नियम तेलविहिरीसही जड जाऊ नये: प्रत्येक सोडलेल्या विहिरीचे ठिकाण, ती बुजविल्याचे वर्ष आणि दरवर्षी मोजलेली गळती जाहीर व्हावी. परदेशातील मोजमापांत बहुतेक गळती थोड्याच विहिरींतून होत असल्याचे दिसले आहे. तेव्हा आधी मोजणी केल्यास दुरुस्तीचा खर्चही आटोक्यात राहील, आणि या कामाचा आरंभ बॉम्बे हायच्या सर्वांत जुन्या विहिरींपासून करता येईल.