घडी घालता येणारे भिंग

आजीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की डॉक्टर हमखास विचारतात, "लेन्स कोणती घालायची, साधी की फोल्डेबल?" घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. भिंगाची घडी कशी घालणार? आणि घातलीच, तर त्यातून स्वच्छ कसे दिसणार?

आपल्या डोळ्यात जन्मतःच एक भिंग असते. ते पारदर्शक असते आणि लवचीकही. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते ताठर होते, तेव्हा चाळिशी लागते. पुढे ते गढूळ झाले की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे कण घुसले. डोळ्यांनी ते निमूटपणे सोसले, हे लंडनचे डॉ. हॅरल्ड रिडले यांनी हेरले. १९४९ साली त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवले. पण ते कडक होते. भिंग जेवढे रुंद, छेदही निदान तेवढा हवा. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून तो सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून ओढून घेण्याची युक्ती काढली. गंमत अशी, की मोतीबिंदू बारीक छेदातून बाहेर येई. पण नवे भिंग आत घालायला तोच छेद रुंद करावा लागे!

ही अडचण आधी सिलिकोनने आणि मग मऊ ॲक्रिलिकने सोडवली. रबरासारख्या या पदार्थांत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात. घडी घातली की साखळ्या वाकतात. सोडली की त्या गाठी त्यांना मूळ जागी ओढून आणतात. आकार जरासा जरी बदलला, तरी नंबर बिघडेल. म्हणून भिंग काचेसारखे नितळ आणि रबरासारखे आज्ञाधारक, असे दोन्ही असावे लागते. शिवाय मऊ ॲक्रिलिक प्रकाशाला अधिक वळवते, त्यामुळे भिंग पातळ करता येते. डोळ्यात गेल्यावर ते सावकाश उलगडते. छेद लहान असल्याने सहसा टाके लागत नाहीत आणि जखम लवकर भरते.

मग साधी लेन्स वाईट का? मुळीच नाही. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवून लाखोंना दृष्टी दिली. बिनटाक्याच्या छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेने कडक भिंगही उत्तम बसते. तेव्हा पैशांअभावी ऑपरेशन लांबवू नका, की "मोतीबिंदू पिकू दे" म्हणून थांबू नका. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

एक गोष्ट मात्र आजीला आधीच सांगून ठेवा. लांबचे स्वच्छ दिसावे म्हणून बसवलेले साधारण भिंग, घडीचे असले तरी, डोळ्यात गेल्यावर लहानपणीच्या भिंगासारखे फुगत नाही. पोथी वाचायला चष्मा लागेलच. दारात कोण आले आहे, ते मात्र आजी चष्म्याशिवाय ओळखू शकेल.