कपाट उघडा!

शेतकरी बंधूंनो, विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती रिवाइंडिंगला नेतो. तिथून तीन हात बारीक नवी तार पोरासाठी मागून आणा. सेलच्या दोन्ही टोकांना रबराने सेफ्टी पिना बांधा, वर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक ठेवा. तारेचं वेटोळं पिनांत अडकवा. एका टोकाचं इनॅमल पुरतं खरवडा, दुसऱ्याचं एकाच अंगाने. टिचकी मारताच वेटोळं गरगरतं! दोन्ही टोकं पुरती खरवडली तर अडखळतं. का, ते पोरालाच शोधू द्या. तुम्ही सांगायची घाई करू नका.

अरविंद गुप्तांनी १९७८ साली होशंगाबादच्या खेड्यांत काड्यापेटीच्या काड्या नि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन असाच खेळ मांडला. आपल्याकडे कित्येक शाळांत प्रयोगाची पेटी कपाटात नि किल्ली गुरुजींच्या खिशात. मोडेल म्हणे! मोडू द्या की. येत्या पालकसभेत ते कपाट उघडायला लावा.