पाहुण्यांसाठी दोन भिंती

मुंबईत परदेशी पाहुणा येणार म्हटलं की प्रशासनाला आधी कापड आठवतं. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० बैठकीसाठी प्रतिनिधी आले, तेव्हा रस्त्याकडेच्या झोपडपट्ट्यांसमोर रातोरात पडदे उभे राहिले. मागचं गटार होतं तसंच वाहत राहिलं.

ही रीत जुनी आहे. सहारकडे विमानतळाच्या रस्त्यावर फरशांच्या जाहिरातींची एक भिंत होती आणि तिच्यामागे अण्णावाडी. कॅथरीन बू यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकाचं नाव त्या जाहिरातीवरूनच घेतलं. दुसरी भिंत विमानतळाच्या आत आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनल २ मध्ये तीन किलोमीटरहून लांब कलादालन आहे, देशभरातल्या कारागिरांच्या हजारो वस्तू तिथे मांडल्यात. म्हणजे गरिबाच्या हातची वस्तू काचेत ठेवायची, गरीब मात्र फळीमागे!

सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, कलिना, गोळीबार या वस्त्यांत विचारा. पाहुण्याची बॅग उचलणारा, टर्मिनलची फरशी पुसणारी, पहाटे टॅक्सी काढणारा अशाच वस्त्यांत राहतो. ‘पर्यटनाने रोजगार येतो’ हे त्याला समजावून सांगायची गरज नाही, तो रोजगार तोच करतो. पण डोक्यावरून विमान गेलं की बोलणं अर्धवट थांबवायचं, तेही त्यानेच. विमानांच्या मार्गाखाली म्हणजे फनेल झोनमध्ये इमारतीच्या उंचीवर मर्यादा, म्हणून जुन्या चाळींचा पुनर्विकास अडलेला. आणि विमानतळाच्या सुमारे २७६ एकर जमिनीवरच्या झोपड्यांचं पुनर्वसन? २००७ मध्ये एचडीआयएलला कंत्राट दिलं, २०१३ मध्ये ते मोडलं. दरम्यान टर्मिनलचं काम चालूच राहिलं.

इथून जवळच धारावीत नेमकं उलटं चालतं. तिथे वस्ती झाकत नाहीत, तिकीट लावून दाखवतात. काही सहल कंपन्या फोटो काढू देत नाहीत, नफ्यातला वाटा स्थानिक शिक्षणावर खर्च करतात. हे मान्य करायला हवं. तरी दारात पापड वाळत घालणाऱ्या बाईला ‘आज वीस माणसं तुझ्या दारावरून जातील, चालेल का?’ असं कोण विचारतं? झाकताना विचारलं नाही, दाखवतानाही नाही.

आपल्याकडे रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर नल्ली निहारीचे फोटो काढायला येणारे हौशी वाढलेत. यावं, पोटभर खावं, दुकानदाराच्या चार पैशांत भर पडते. फक्त परत गेल्यावर त्यांच्या सोसायटीत मुसलमान भाडेकरू चालतो का, एवढं त्यांनी सेक्रेटरीला विचारून बघावं.

राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १ लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. त्यातला पहिला रुपया खर्च होण्याआधी वाकोल्याच्या एखाद्या गल्लीत सभा घ्या. मराठीत घ्या, उर्दूत घ्या, तमिळमध्येही घ्या. लोक काय म्हणाले ते लिहून काढा आणि त्या कलादालनात काचेत लावा.